दाता मायनर, नोंद चौथी: सगळं निघालं, एक टॉर्शन बार गेला

मागच्या नोंदीत भागांसाठी उकलायला घेतलेल्या जुन्या मॉरिस मायनरचं इंजिन बाहेर आलं तेव्हा मी फुशारकी मारली होती की अर्धं काम झालं. ते वाक्य परत घेतो. इंजिन एका दुपारीत निघालं. त्यानंतरचे पाच रविवार सस्पेन्शन, ब्रेक आणि मूठभर स्क्रूंनी खाल्ले.

मध्येच वाचायला घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. दाता गाडी म्हणजे मॉरिस मायनर १००० ही जुनी ब्रिटिश गाडी, १९६६ ची, दोन दारांची, १०९८ सीसी. तिचे भाग दोन गाड्यांना जाणार आहेत. एक माझी, १९५८ ची चार दारांची, ९४८ सीसी. दुसरी मित्राची, १९६० ची दोन दारांची. "हीच का उभी केली नाही?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मायनरला वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार घेते. हिच्या पुढच्या बीमवर मी स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. मधल्या क्रॉस मेंबरचा पत्रा बोटांनी पापडासारखा तुटत होता. दाराखालचे उंबरे रंगाच्या थरावर उभे होते आणि मागच्या स्प्रिंगच्या टांगण्या डिकीत शिरू पाहत होत्या. हे सगळं नव्याने घडवायचं तर जुन्या गाडीचं फक्त नाव उरलं असतं. मित्राने एकदाच विचारलं, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोय का रे आपण?" मी म्हटलं, हो, आणि ते दोन जिवंत गाड्यांना भरवतोय.

आता चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा पंप, बॉनेटखाली नसतो. तो चालकाच्या पायाखाली, बीमच्या पोटात लपलेला असतो. दोन लांब बोल्ट बीममधून आरपार जातात. नट सुटले, बोल्ट फिरायलाही लागले आणि बाहेर येताना टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्यावर, जाऊन थडकले. बार आधी हलवल्याशिवाय ते निघत नाहीत. ही गोष्ट मी वाचलेली होती. तरीही उलट क्रमाने लागलो, कारण बार सोडवायचं भय वाटत होतं. त्यात गाडीचा भार पिळून ठेवलेला असतो. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला जॅकचा आधार न देता तो सोडवला तर हात जायबंदी होऊ शकतो.

तेव्हा मी शहाणपणा केला. गाडी तर भंगारच आहे, बीम कापू या! ग्राइंडर लावला, सडलेला पत्रा लोण्यासारखा कापला गेला, सिलिंडर हातात आला. खूश होऊन टॉर्च मारला तर उजव्या टॉर्शन बारवर चकतीचा ओरखडा. नखाला जेमतेम लागेल एवढा. मित्र म्हणाला, "पॉलिश पेपर मार, निघेल." पण पिळाचा सगळ्यात जास्त ताण बारच्या पृष्ठभागावर येतो. तिथे ओरखडा असला की प्रत्येक खड्ड्यागणिक ताण त्याच रेषेत जमा होतो आणि एक दिवस तिथूनच तडा जातो. बार बाद. डावा आहे तो उजवीकडे चालणार नाही, कारण वापरलेल्या बारला एका दिशेने पीळ बसलेला असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण कुणीतरी मायनरखाली झोपूनच रचली असावी.

डावा बार मात्र रीतसर काढला. जॅक आर्मखाली, भार हळूहळू सोडला, मागचा लिव्हर मोकळा केला, मग बार खाचांमधून मागे सरकवला. काढण्याआधी बारवर आणि लिव्हरवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली होती. खाच एका दाताने चुकली तरी गाडीची उंची बदलते.

ट्रनियनबद्दल, म्हणजे पुढच्या चाकाच्या आटे असलेल्या सांध्याबद्दल, मायनरवाल्यांना सांगायला नको, तरी सांगतो. मायनरचं पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं, तिच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ती ट्रनियनमध्ये स्क्रूसारखी बसलेली असते. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात. मग एखाद्या वळणावर पिन सरळ निसटते आणि चाक बॉडीखाली आडवं होतं. दात्याच्या डाव्या बाजूला आटे नव्यासारखे, ग्रीस अजून काळं आणि चिकट. उजव्या बाजूला वंगणाच्या जागी तांबूस भुकटी, आणि पिन ट्रनियनमध्ये अंगठीसारखी सैल. एकाच गाडीच्या दोन बाजू! ग्रीस भरायचं एक निपल कायम सोयीचं आणि दुसरं अडचणीत, असंच काहीतरी झालं असणार. डावा जोड मित्राला दिला. उजवा कुणाला द्यायचा प्रश्नच नाही.

इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकत्रच माझ्याकडे येणार. १०९८ चा क्लच सव्वासात इंची, माझ्या ९४८ चा सव्वासहा. नुसतं इंजिन उचलून जुन्या गिअरबॉक्सला लावायचं म्हटलं की घोळ सुरू. शिवाय या उभ्या फासळ्यांच्या गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर खरखर न करता बसवणारे भाग) जुन्या गुळगुळीत खोक्यापेक्षा चांगले. कागदावर ३७ ऐवजी ४८ अश्वशक्ती मिळते. त्यामुळे ब्रेकही दात्याचेच घेतले. पुढचे आठ इंची ड्रम, मागच्या आधाराच्या बॅकप्लेटसकट. माझ्या गाडीचे सात इंची या इंजिनाला कमी पडतील. ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने उडवू तर मुळीच नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये फुप्फुसाला घातक अॅस्बेस्टॉस असायचं. पाणी शिंपडा, ओल्या कापडाने पुसा, ते कापड पिशवीत बंद करा.

मागच्या चाकांना ताकद पोचवणारं डिफरन्शियलही दात्याचंच, गिअरचं प्रमाण ४.२२. माझं ४.५५ चं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, त्यामुळे काट्याला हा बदल कळणारच नाही. काटा ताशी ५० मैल दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ५४ ने पळत असेल. म्हणून दात्याचा स्पीडोमीटरही काढून ठेवला. काच धुरकट आहे, पण खरं बोलतो.

आता माझ्या आवडीचा भाग. सुरुवातीला आम्ही दोघे इंजिन, गिअरबॉक्स, काच यांच्या मागे होतो. पाचव्या रविवारी भांडणं झाली ती दाराच्या आतल्या क्लिपांवरून. मोठे भाग उशिरा का होईना, कुठेतरी सापडतात. सापडत नाही ते गालिच्याखालचं बटण, हँडब्रेक केबलचा छोटा कंस, हीटरच्या नळीचा पत्र्याचा पट्टा, कार्ब्युरेटरच्या तारेचं इवलं टोक. हे कोणी जपून ठेवत नाही आणि गाडी शेवटी याच्यावाचून अडते. दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू तर खांबात वेल्ड केल्यासारखे बसले होते. रात्रभर तेल, मग जाळ, मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडा. आठपैकी सात आले. आठव्याचं डोकं गेलं, ते ड्रिलने काढलं.

एक दार मात्र मी मित्राला उकलू दिलं नाही. उजवं दार जसंच्या तसं ठेवलंय, डावं पूर्ण उकललंय. काच वर नेणारी यंत्रणा कुठल्या बाजूने आत घालायची, वॉशर कशाच्या आधी येतो, हे फोटोत दिसत नाही. फोटोत बोटं घालता येत नाहीत. मित्राची दोन्ही दारं जोडून होईपर्यंत उजवं दार आमचा शब्दकोश आहे. माझ्या चार दारी गाडीची पुढची दारं आखूड, त्यामुळे मला त्यातून फक्त शिकवणी मिळणार.

ल्यूकस या कंपनीच्या विजेच्या भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ते पाहायला विसरू नका. आमच्या वायपरच्या मोटरवर घासल्यावर '१२ ६५' उमटलं, म्हणजे ती कारखान्यातून आलेलीच. वीज बनवणाऱ्या डायनमोवर मात्र '५ ५९'. दात्यालाही कधीतरी कुणीतरी दाता मिळाला होता. तो डायनमो मी माझ्याकडे ठेवला, १९५८ च्या गाडीला तो वयानेही शोभतो.

गंज काढायला लहान कंस आणि बिजागऱ्या सोड्याच्या पाण्यात टाकल्यात. धुण्याचा सोडा, प्लास्टिकचा टब, जुना बॅटरी चार्जर. ऋण टोक भागाला, धन टोक भंगार लोखंडाच्या पट्टीला. उलटं जोडलंत तर भागच झिजेल. पट्टी स्टेनलेसची नको, क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. टब उघड्यावर ठेवा, बुडबुडे हायड्रोजनचे असतात. आणि स्प्रिंग, टॉर्शन बार असलं कडक पोलाद यात कधीच घालू नका, हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतं. सकाळी भाग काढला की काळा लेप हाताने पुसला जातो आणि खाली कारखान्याच्या छिन्नीच्या खुणा दिसतात.

पत्र्यातलं एकच मोठं काही वाचलं, ते बॉनेट. मधोमध जी उंच पट्टी दिसते ना, ती नक्षी नाही. १९४८ मध्ये गाडी बाजारात यायच्या तोंडावर तिचा रचनाकार इसिगोनिस याला तिची रुंदी खटकली. त्याने नमुन्याची गाडी लांबीत उभी कापवली, दोन अर्धुकं सरकवली आणि चार इंच फटीवर गाडी डोळ्याला बरी वाटली. बॉनेटवरची ती पट्टी त्या चार इंचांची आहे. बंपर आधीच तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत तेही मध्ये कापून तुकडा घालून जोडले. ग्राइंडर हातात असताना ही गोष्ट आठवली की जरा धीर येतो, पण टॉर्शन बार आठवला की तो जातो.

हे बॉनेट मित्राच्या गाडीला आजच टेकवून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात फट बोटभर, उजव्या कोपऱ्यात कागद जाईल एवढी. बिजागऱ्यांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून पुढच्या रविवारी पुन्हा बसवणार आहोत. उजवा टॉर्शन बार कुणाकडे जादा असेल, ओरखड्याशिवाय, तर मला कळवा. त्याच्या बदल्यात दात्याची पुढची काच देतो. रबर सुरीने कापून काढली आहे, तडा नाही.