नागपूर ते न्हावा शेवा: दहा चाकी गाडी, समृद्धी महामार्ग आणि टायरमधील हवा

सोयापेंड भरून नागपूरहून न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या आमच्या दहा चाकी गाडीबरोबर मी भर मे महिन्यात समृद्धी महामार्गाने प्रवास केला. या वृत्तांतात रस्त्याच्या सौंदर्याविषयी फारसे काही आढळणार नाही. अवजड गाडीच्या टायरमध्ये हवा कोणत्या साधनाने, कोठे उभे राहून आणि कोणत्या क्रमाने भरावी, हा त्याचा विषय आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सलग वापरता येतो आणि विदर्भातील अनेक मालगाड्या आता त्यानेच मुंबईच्या दिशेने जातात. त्यांच्या चालकांना आणि मालकांना हे उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गाडीला १०.०० आर २० मापाचे, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब व रिम यांमधली रबरी पट्टी) असलेले स्टील रेडियल (आत पोलादी तारा असलेले) टायर होते आणि ठरलेला दाब १२० पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड) होता. हवा तपासण्याचे काम आम्ही पहाटे, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी केले, कारण टायरवर छापलेला दाब थंड टायरसाठी असतो. दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर धावताना टायरमधील हवा ३० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापली, तर १२० चा आकडा १३८ च्या आसपास जातो. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेली असते. वाटेत काही चालक गरम टायरमधून हवा सोडून आकडा पुन्हा १२० वर आणताना दिसतात. तो टायर थंड झाला की हवा कमी पडते, बगल (टायरची बाजूची भिंत) अधिक वाकते, अधिक तापते आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. गरम टायरची हवा कधीही सोडू नये.

तपासणीसाठी दोन तोंडांचा, ट्रकसाठी बनवलेला गेज (दाबमापक) वापरावा, कारण मागे शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांच्या जोडीतील आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत साधा गेज नीट पोहोचत नाही. आतले चाक दुर्लक्षित राहते ते बहुधा याच अडचणीमुळे. टॉमी (लोखंडी पहार) आपटून आवाजावरून हवा ओळखण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिच्यामुळे पूर्ण बसलेला टायर कळतो, पण ९५ आणि १२० मधला फरक अनुभवी कानालाही कळत नाही. जोडीतील एका टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यावर पडतो आणि दोन्ही खराब होतात.

कारंजा लाड आणि शेलू बाजार मागे टाकून मेहकरच्या अलीकडे पोहोचलो, तेव्हा मागील धुऱ्यावरील एका जोडीच्या आतल्या टायरचा दाब ७० पर्यंत उतरल्याचे एका थांब्यावर लक्षात आले. अशा वेळी सगळ्यांच्या मनात एकच विचार येतो, की जवळच्या पंपावर हवा भरून घ्यावी आणि पुढे निघावे. नेमके हेच करायचे नसते. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर, म्हणजे आमच्या बाबतीत ९६ पीएसआय किंवा कमी, खोलून आतून पाहिल्याशिवाय पुन्हा भरू नये. कमी हवेवर धावताना रेडियल टायरच्या बगलेतील पोलादी तारा वारंवार वाकून आतल्या आत तुटतात. बाहेरून टायर धडधाकट दिसतो, पण हवा भरू लागताच उरलेल्या तारा एकामागून एक तुटत जातात आणि पिशवीची चेन उघडावी तशी सगळी बगल क्षणात फाटते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत ही ८० टक्क्यांची मर्यादा स्पष्टपणे घातलेली आहे. आपल्याकडील दुकानांतही ती पाळायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

महामार्गाच्या कडेला चाक खोलण्याचा प्रश्नच नव्हता. वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या शेजारी असे काम करणे हा स्वतंत्र धोका आहे. गाडी अगदी हळू चालवत मेहकरच्या फाट्यावरून बाहेर काढली आणि टायरच्या दुकानासमोर सपाट, टणक जागेवर उभी केली. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे: नट सैल करण्यापूर्वी जोडीतील दोन्ही टायरांच्या व्हॉल्व्हमधील पिन (हवा अडवणारा आतला भाग) काढून हवा पूर्णपणे सोडली. रिंग (टायरला रिमवर धरून ठेवणारे पोलादी कडे) सरकलेली किंवा रिमला तडा गेलेला असेल आणि टायरमध्ये हवा असेल, तर नट निघताक्षणीच चाक फुटू शकते. पिन काढल्यावर व्हॉल्व्हमधून बारीक तार आत-बाहेर करून तो तुंबलेला नाही याचीही खात्री करावी.

दुकान निवडताना आम्ही एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे हवा भरण्यासाठी, चाक फुटल्यास उडणारे भाग अडवणारा पोलादी पिंजरा आहे की नाही. पहिल्या दुकानात तो नव्हता. तेथे रिंगची बाजू जमिनीकडे करून चाक आडवे टाकतात आणि एक जण त्यावर पाय ठेवून हवा भरतो, हे पाहून आम्ही पुढच्या दुकानात गेलो. हा निर्णय घेताना संकोच करण्याचे कारण नाही. १२० पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर सुमारे ५४ किलो. केवळ २० चौरस इंचांवर एक टनाहून अधिक जोर येतो, आणि टायरची बगल तर शेकडो चौरस इंचांची असते. लॉक रिंग, म्हणजे रिंगला जागेवर अडकवणारे कडे (याला नुसते 'लॉक'ही म्हणतात), निसटली तर ती ज्या जोराने उडते, तो पायाने किंवा टॉमीने अडवता येत नाही. साखळी गुंडाळून हवा भरणे हाही पिंजऱ्याला पर्याय नाही.

दुसऱ्या दुकानातील कारागीर कामात काटेकोर होते. टायर खोलल्यावर एक खिळा सापडला, ट्यूब आतून घासून काळी पडली होती आणि बगलेच्या आतील अस्तराला सुरकुत्या पडल्या होत्या. त्यांनी तो टायर बाद ठरवला आणि आम्ही ते मान्य केले. स्टेपनीचा टायर बसवण्यापूर्वी त्यांनी रिम, रिंग आणि लॉकचा गंज तारेच्या ब्रशने काढला आणि लॉकची टोके वाकलेली नाहीत हे पाहिले. वेगळ्या बनावटीची रिंग जुळते आहे असे वाटले तरी वापरू नये. वाकलेली रिंग ठोकून सरळ करू नये, आणि टायर चढलेल्या रिमला वेल्डिंग तर कधीच करू नये, हवा काढलेली असली तरीही. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून, थोडी हवा भरून, ती पूर्ण सोडून पुन्हा भरली, म्हणजे ट्यूब आणि फ्लॅपला घडी राहत नाही.

मग चाक पिंजऱ्यात गेले. सुमारे २० पीएसआयवर त्यांनी हवा थांबवली आणि लॉक सगळीकडे सारखा बसला आहे का, बगलेवर फुगवटा किंवा लाट दिसते का आणि टकटक आवाज येतो का, हे पाहिले. लॉक नीट बसलेला नसेल तर हवा पूर्ण सोडूनच तो दुरुस्त करायचा असतो. हवा भरलेल्या चाकाच्या रिंगवर हातोडा मारणे जिवावर बेतते. तारा तुटल्याचा आवाज आला तर जवळ न जाता दूरवरून हवा बंद करावी आणि सोडावी. त्यासाठी साधनही तसेच लागते: व्हॉल्व्हला स्वतःहून घट्ट बसणारे क्लिपचे तोंड, किमान तीन मीटर लांब नळी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला गेज व बंद-चालू करण्याची कळ. हाताने धरून ठेवावे लागणारे तोंड माणसाला चाकाच्या अगदी समोर बसवते, म्हणून ते अवजड टायरसाठी वापरू नये. पिंजरा असला तरी त्याला टेकू नये आणि बगलेच्या समोरच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. चहा घेऊन जवळ येऊन उभ्या राहणाऱ्या आमच्या क्लीनरलाही कारागिरांनी दूर पाठवले, हे मला फार आवडले.

कॉम्प्रेसरबद्दलही लिहायला हवे. १२० पीएसआयपर्यंत हवा भरायची तर टाकीत त्याहून बराच अधिक दाब लागतो, म्हणून दोन टप्प्यांत हवा दाबणारा, दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोपर्यंत (सुमारे १७० पीएसआय) जाणारा कॉम्प्रेसर योग्य. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू असावा आणि तळाचे पाणी रोज सोडलेले असावे. ते पाणी टायरमध्ये गेले तर रिम गंजते. या मापाचा टायर पूर्ण भरायला माझ्या हिशेबाने हजार लिटरच्या आसपास मोकळी हवा लागते. कारसाठी मिळणारे छोटे पंप मिनिटाला ३०-४० लिटर हवा देतात आणि थोड्या वेळात तापतात, त्यामुळे ते येथे निरुपयोगी आहेत. गाडीच्या एअर ब्रेकच्या टाकीतून नळी जोडून हवा घेता येते. पण तेथील दाब साधारण ८ ते १० बार (सुमारे ११६ ते १४५ पीएसआय) असतो आणि हवा ब्रेकसाठी राखायची असते. थोडी उतरलेली, म्हणजे ९६ च्या वर असलेली हवा पूर्ववत करण्यापुरताच हा मार्ग वापरावा. तेव्हाही इंजिन चालू, पार्किंग ब्रेक ओढलेला आणि माणूस चाकाच्या बाजूला नव्हे तर पुढे किंवा मागे, अंतर राखून, असेच असावे.

चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले आणि सिंदखेड राजा ओलांडल्यावर, म्हणजे पहिल्या ५० ते १०० किलोमीटरच्या आत, पुन्हा तपासले. जालना, छत्रपती संभाजीनगर आणि शिर्डी हा पट्टा आम्ही रात्री पार केला. उन्हाळ्यात भरलेल्या गाडीसाठी हेच सोयीचे आहे, मात्र चालकाची झोप झालेली असेल तरच. अवजड वाहनांची ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आमच्या चालकांनी कोठेही ओलांडली नाही. इगतपुरीचा बोगदा आणि पुढचा उतार कमी गिअरमध्ये घेतला, कारण सतत ब्रेक लावल्याने तापलेल्या ड्रमची उष्णता रिमकडे आणि तेथून ट्यूबकडे जाते.

बंदराजवळच्या तळावर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहाटे पुन्हा थंड दाब मोजला. नव्याने बसवलेल्या चाकातील दाब ११४ निघाला. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडताच पिनमधून बुडबुडे आले. तीच पिन बदलली, लांब नळीने १२० पर्यंत हवा भरली आणि व्हॉल्व्हवर प्लास्टिकच्या ऐवजी धातूचे टोपण बसवले.