डायलॉग बंद झाल्यावर फोकस कुठे जातो?

बटण दाबल्यावर वेबपानाच्या मध्यभागी एक चौकट (डायलॉग) उघडते आणि मागचे पान अंधुक होते, एवढ्यावरून डोळस माणसाला कळते की आता आधी या चौकटीचे काहीतरी करायला हवे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला हीच गोष्ट कळते ती कीबोर्डचा फोकस, म्हणजे कळ दाबल्यावर जिथे परिणाम होतो ती जागा, चौकटीच्या आत गेल्यामुळे. म्हणून कोणताही डायलॉग तपासताना मी रंग आणि सावल्या मागे ठेवतो. चौकट उघडताना फोकस कुठे जातो, उघडी असताना कुठे फिरतो आणि मिटल्यावर कुठे परततो, हे आधी पाहतो.

अनेक वर्षे हे सगळे हातानेच करावे लागत असे. साध्या डिव्हला (एचटीएमएलमधल्या सर्वसाधारण चौकटीला) झेड-इंडेक्स (थरांचा क्रम) देऊन वर आणायचे, त्याला डायलॉगचा रोल (हा घटक काय आहे ते सांगणारी खूण) आणि एरिया-मोडल लावायचे, आणि टॅब दाबताना फोकस बाहेर निसटू नये म्हणून जावास्क्रिप्टचा पहारा बसवायचा. एरिया-मोडल ही ‘मागचे पान सध्या बाजूला ठेवा’ अशी स्क्रीन रीडरला दिलेली केवळ सूचना आहे, तिने टॅब अडत नाही. त्यामुळे पहारा विसरला की फोकस अंधुक पानातल्या कुठल्यातरी लिंकवर भटकत राहतो. एचटीएमएलचा डायलॉग हा घटक क्रोममध्ये २०१४ साली आला, परंतु फायरफॉक्स आणि सफारी यांनी तो मार्च २०२२ मध्ये स्वीकारल्यानंतरच त्याच्यावर विसंबता येऊ लागले. शोमोडल या जावास्क्रिप्टच्या आदेशाने तो उघडला की मागचे पान ब्राउझर स्वतःच निष्क्रिय करतो, एस्केप दाबल्यावर चौकट मिटते आणि फोकस आधीच्या बटणावर परततो. ओपन हा ॲट्रिब्यूट (घटकाला जोडलेला गुणधर्म) थेट लिहून तोच घटक उघडला, तर मात्र यातले काहीही मिळत नाही. (शोमोडल वापरल्यावर टॅब दाबत गेल्यास फोकस ब्राउझरच्या ॲड्रेस बारपर्यंत पोहोचू शकतो. हा दोष नव्हे. तो ‘दुरुस्त’ करण्यासाठी वेगळा पहारा बसवू नये.)

उरलेले निर्णय ब्राउझर घेऊ शकत नाही. सांगितले नसेल, तर फोकस चौकटीतल्या पहिल्या फोकस घेणाऱ्या घटकावर जातो, आणि बहुतेक रचनांमध्ये ते कोपऱ्यातले फुलीचे बटण असते. त्या बटणाला ‘बंद करा’ असे वाचता येणारे नाव दिलेले नसेल, तर ऐकणाऱ्याच्या कानी गुणाकाराचे चिन्ह पडते. मजकूर लांबलचक असेल, उदाहरणार्थ योजनेच्या अटी, तर शीर्षकाला टॅबइंडेक्स उणे एक (टॅबने नव्हे, पण कोडने फोकस नेता येईल अशी सोय) देऊन फोकस तिथे न्यावा, म्हणजे वाचन वरून सुरू होते. चौकटीला शीर्षकातून एरिया-लेबल्डबायने नाव द्यावेच. पण यादी किंवा तक्ता असलेला सगळा मजकूर एरिया-डिस्क्राइब्डबायला (चौकटीच्या वर्णनाला) जोडू नये, कारण तो रचना हरवून एका दमात वाचला जातो.

सर्वांत अवघड जागा आहे ती काहीतरी कायमचे पुसणाऱ्या डायलॉगची. समजा, जतन केलेल्या पत्त्यांची यादी आहे आणि प्रत्येक पत्त्यासमोर ‘काढून टाका’ असे बटण आहे. ते दाबल्यावर ‘हा पत्ता काढून टाकायचा का?’ अशी चौकट उघडते. येथे ऑटोफोकस (चौकट उघडताच मिळणारा फोकस) ‘राहू द्या’ या बटणावर असावा, म्हणजे सवयीने एंटर दाबला तरी नुकसान होत नाही. बटणांवर ‘होय’ आणि ‘नाही’ लिहिण्यापेक्षा कृतीच लिहावी, कारण टॅबने बटणावर आलेल्याला तेवढेच शब्द ऐकू येतात आणि प्रश्न तोवर निघून गेलेला असतो. आता खरी अडचण पुढे आहे. पत्ता काढून टाकला, चौकट मिटली, परंतु फोकसने ज्या बटणावर परतायचे ते बटण त्या ओळीबरोबरच नाहीसे झालेले असते. मग फोकसला ठिकाण उरत नाही, आणि विसाव्या पत्त्यावर असलेल्या माणसाला कित्येकदा पानाच्या माथ्यापासून पुन्हा खाली यावे लागते. म्हणून अशा वेळी पुढच्या ओळीतल्या बटणावर, आणि यादी रिकामी झाली असल्यास यादीच्या शीर्षकावर, फोकस आपण स्वतः न्यायचा, आणि ‘पत्ता काढून टाकला’ हे लाइव्ह रीजनमधून (जिथला बदल स्क्रीन रीडर आपोआप वाचतो त्या भागातून) ऐकवायचे. हे काम चार-पाच ओळींचे आहे, तरीही सर्वाधिक वेळा हेच राहून गेलेले दिसते.

पान उघडताक्षणी कोणी न मागता येणाऱ्या जाहिरातींच्या चौकटींबद्दल फारसे लिहावेसे वाटत नाही, त्या टाळाव्यात.

तपासणीसाठी मोठा खर्च लागत नाही. माउस बाजूला ठेवून केवळ टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर आणि एस्केप यांवर संपूर्ण फेरी मारावी. नंतर विंडोजवर मोफत मिळणाऱ्या एनव्हीडीए आणि अँड्रॉइडवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरने तीच फेरी ऐकावी. पान मराठी असेल तर पानाची भाषा सांगणाऱ्या लँगमध्ये एमआर (मराठी) लिहिलेले आहे ना, हे त्याआधी पाहावे, अन्यथा मराठी आवाज बसवलेला असूनही तो निवडला जाईलच असे नाही. शेवटी पान ४०० टक्के मोठे करावे. चौकटीला ठरावीक उंची आणि ओव्हरफ्लो हिडन (न मावणारा मजकूर लपवणे) दिलेले असेल, तर खालची दोन्ही बटणे पडद्याबाहेर गेलेली दिसतील आणि तिथवर सरकताही येणार नाही. कमाल उंची पडद्याच्या मापात देऊन ओव्हरफ्लो ऑटो (गरज पडल्यास आत सरकता येणे) केले की ती पुन्हा हाताशी येतात.