नसलेल्या वायरीची जोडणी

काळ्या रेघेवरून धावणारा छोटा रोबो टेबलावर असतो तोवर त्याची विचारपूस सोपी असते. यूएसबीची वायर लावलेली असते आणि सेन्सरचे आकडे पडद्यावर सरकत राहतात. मात्र पांढऱ्या फ्लेक्सवर टेप चिकटवून त्याला मोकळे सोडले की तीच वायर वळणावर चाकाखाली येते, त्याला मागे ओढते, आणि जी चाल मोजायची तीच बिघडते. अशा वेळी पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणारे एचसी-०५ हे बोटभर लांबीचे ब्लूटूथ मॉड्यूल कामी येते.

गंमत अशी, की हे मॉड्यूल वायर हटवते, पण वायर असल्याचा आव काही सोडत नाही. आरएस-२३२ हे सीरियल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या, जोडणीचे मानक १९६० सालचे. ब्लूटूथमधील आरएफकॉम हा थर त्या जुन्या केबलमधील नऊ संकेतांची नक्कल करतो, त्यामुळे संगणक समजतो की त्याच्या कॉम पोर्टला, म्हणजे सीरियल जोडणीच्या दाराला, केबलच जोडलेली आहे. पोर्ट उघडताना बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट हा वेग, विचारला जातो खरा, पण हवेतील प्रवासाला त्याचे सोयरसुतक नसते. वेग जुळावा लागतो तो मॉड्यूल आणि रोबो चालवणारा आर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड यांच्यामधील वीतभर तारांवर. तिथे एक जण ९६०० वर बोलत असेल आणि दुसरा ३८४०० वर ऐकत असेल, तर ब्लूटूथ जोडणीचा पिन क्रमांक स्वीकारलेला असतो, मॉड्यूलवरचा भराभर लुकलुकणारा दिवा थांबून थांबून मिचकू लागलेला असतो, आणि पडद्यावर मात्र चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हे उमटत राहतात.

त्याच तारांवर आर्डुइनो उनोचे पाच व्होल्ट मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या आरएक्स (संदेश घेणाऱ्या) पिनला थेट देणारे पुष्कळ जण भेटतात. ‘चालते की!’ हे त्यांचे उत्तर काही काळ खरेही असते. तरी व्होल्टेज उतरवणारे एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर लावण्याचा आळस मला पटत नाही.

खरा विचार करायला लावते ती या वाटेची रुंदी. ९६०० च्या वेगात, प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट खर्च होतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. रोबोचे नियंत्रण सेकंदाला शंभर वेळा फिरत असेल, तर एका फेरीच्या वाट्याला साडेनऊ अक्षरे येतात. त्यात पाच सेन्सरचे चार-चार अंकी आकडे आणि मधले स्वल्पविराम मावणे शक्यच नाही. तरीही ते कोंबले, तर पाठवायची अक्षरे थांबतात तो उनोचा चौसष्ट बाइटचा बफर भरतो, छपाईची आज्ञा जागा होईपर्यंत अडून बसते आणि तेवढ्यात वळण निघून जाते. वायर गेली तरी मोजणाऱ्याचा हात चालीत असा शिरतोच.

वेग वाढवता येतो, पण सॉफ्टवेअर सीरियलवर, म्हणजे साध्या पिनांवर प्रोग्रॅमने चालवलेल्या जोडणीवर, ११५२०० हा वेग भरवशाचा नाही आणि हार्डवेअर सीरियलच्या पिना यूएसबीशी सामायिक असल्याने दर वेळी प्रोग्रॅम चढवताना मॉड्यूल उपटावे लागते. त्यापेक्षा मजकूर छाटणे मला पसंत आहे: दर दहाव्या फेरीला रेघेपासूनचा फरक, दोन्ही मोटरांचे वेग आणि बॅटरीचा व्होल्टेज. हा शेवटचा आकडा अनेक जण गाळतात. पण सकाळी सुरळीत पळणारा रोबो संध्याकाळी त्याच वळणावर का भरकटतो, ते बहुधा त्याच रकान्यात सापडते.