हरिश्चंद्रगडावरची रात्र आणि ताडपत्रीची दोरी

सप्टेंबरअखेरच्या शनिवारी आम्ही चौघे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. वाट सोपी, रमतगमत तीन तासांत देवळापाशी पोहोचलो. पठारावर सोनकी फुलली होती. त्याबद्दल कितीही लिहिता येईल, पण मला सांगायचंय ते रात्रीचं.

तंबू नेले नव्हते. १२ बाय १५ फुटांची ताडपत्री, दोन काठ्या, आणि दोन तऱ्हेच्या दोऱ्या: घरात होती ती नायलॉनची, आणि मुद्दाम घेतलेली ४ मिलिमीटर जाडीची, विणीची पॉलिएस्टरची. कोकणकड्यापासून बरंच मागे, एका उंचवट्याच्या आडोशाला जागा धरली. कड्याच्या जवळ ताडपत्री लावूच नका. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून सरळ वर उसळतो आणि ताडपत्री खालून उचलतो.

आढ्याला, म्हणजे काठ्यांवरून जाणाऱ्या मधल्या दोरीला, पॉलिएस्टर लावली, बाजूचे ताण, म्हणजे ओढून धरणाऱ्या दोऱ्या, नायलॉनचे दिले. संध्याकाळी ताडपत्री तबल्यासारखी वाजत होती. दहानंतर धुकं आलं, मागोमाग पाऊस. अकराच्या सुमारास माझ्या तोंडावर काहीतरी गार टेकलं. बॅटरी लावली तर ताडपत्रीला पोट सुटलेलं, त्यात बादलीभर पाणी. बाहेर जाऊन दोऱ्या चाचपल्या. नायलॉनच्या सगळ्या सैल पडून लोंबत होत्या, आढं मात्र जसंच्या तसं.

नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की ताणाखाली आणखी लांबतं. मजबुतीत ते कमी नाही. पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची बारीक दोरी, साधारण २५० किलो वजन पेलतो, पण तोही नायलॉनचाच, म्हणून पावसात तोही सैलावतो. धक्का सोसायचा असेल तिथे हे लांबणं कामाचं, ताडपत्रीला नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही आणि उन्हातही टिकतं. बाजारातली निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी स्वस्त आणि हलकी, पाण्याने बिघडत नाही. पण गुळगुळीत असल्याने गाठ सरकते, आणि उन्हात राहिली की कडक होऊन तिचा भुगा पडतो. एका रात्रीपुरती चालेल. सुतळी ताणाला नको, पण थोडी जवळ असू द्या. ताणाच्या दोरीवरून पाणी ओघळत आत येतं. ताडपत्रीच्या कडेबाहेर त्या दोरीला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडली की पाणी तिच्यावरून खाली ठिबकतं.

आमचा दुसरा घोळ गाठींचा. घाईत निरगाठी मारल्या होत्या, त्या भिजून अशा आवळल्या की दोन कापाव्या लागल्या. मग सरकती गाठ मारली: दोरी दगडाभोवतून आणून फास करायचा, टोकाचे मुख्य दोरीवर फासाच्या आतून दोन वेढे द्यायचे, तिसरा वेढा फासाबाहेर, ओढून घट्ट. हाताने सरकवली की सरकते, ताण आला की धरते. घरी डोळे मिटून दहा वेळा मारून बघा, कारण ती मारायची वेळ अंधारातच येते. प्लास्टिकच्या दोरीवर आतला एक वेढा वाढवा.

एका कोपऱ्याची रिंग वाऱ्याने उपटली. तिथे सुपारीएवढा गोल खडा ताडपत्रीच्या आतून धरला, बाहेरून त्याची गुंडी झाली, तिच्या मानेला दोरी आवळली. सकाळपर्यंत हललं नाही. आता मी रिंगा शाबूत असल्या तरी वाऱ्याकडच्या कोपऱ्यांना आधीच खडे बांधतो.

खडकात मेखा जात नाहीत. दोरी मध्यम दगडाला बांधा, आणि त्या दगडाच्या पुढे, दोरीवरच, मोठा धोंडा ठेवा. धारदार कडेवर दोरीखाली जुन्या चादरीचा तुकडा घाला, नाहीतर रात्रभर घासून वीण उसवते. आणि कारवीला दोरी बांधू नका. तिच्या काड्या ताण सोसत नाहीत, शिवाय सात-सात वर्षं फुलायची वाट बघणारं झाड आपल्या एका झोपेसाठी मोडायचं नाही.

पुढच्या खेपेसाठी मी आढ्याला १० मीटर आणि ताणांना ३-३ मीटरचे आठ तुकडे कापून ठेवलेत, सगळे पॉलिएस्टरचे. टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली आहेत. रंग भडक नारिंगी घेतला, रात्री पाय अडकत नाहीत आणि सकाळी गवतात एकही तुकडा मागे राहत नाही.