तुळई सुताभर उचलली

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनची कौलं उडवली, वाड्यांतल्या पोफळी आडव्या केल्या. पावसाळा तोंडावर, त्यामुळे लोकांनी मिळतील ते पत्रे चढवले. पुढे जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं आमच्याकडे येऊ लागली. त्यांतल्या एका घरातला दिवस सांगतो.

जांभ्याच्या भिंती, सागवानी माडी, पुढे पडवी. उरलेल्या कौलांवर 'बासेल मिशन' आणि 1865 असा ठसा. हे साल या मिशनऱ्यांचा मंगळुरातला कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं, घराचं नव्हे. पण घर एकोणिसाव्या शतकातलं होतं यात मला शंका नाही. माडीची मुख्य तुळई भिंतीपाशी खचली होती. 'घर धोकादायक, पाडून टाका,' असं एका इंजिनिअरने लिहून दिलेलं. मुंबईचे हिस्सेदारही त्याच मताचे. हिस्सेदारांपैकी एकटे काका घर पाडायचं नाही म्हणून अडून बसले होते.

भिंतींना मागे कधीतरी आतबाहेर सिमेंटचा गिलावा केलेला. मिस्त्रींनी छिन्नी लावली. ऐन मे महिना, अंगण तापलेलं, आणि गिलाव्यामागचा जांभा हाताला ओला लागला! बोट दाबलं तर तांबडा लगदा. जांभा जोत्यातून पाणी ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडून सुकते; सिमेंट तिला कोंडतं, मग ती वर चढत लाकडापर्यंत जाते. तुळईच्या टोकात पटाशी मुठीपर्यंत गेली.

सुतारांनी थोडं अलीकडे रंधा मारला. काळ्या थराखालून पिवळाधमक साग निघाला, तेलकट वासाचा.

"किती गेलंय?" काकांनी विचारलं.

"दीड हात. बाकीच्याला काही झालेलं नाही."

दीड हात लाकडासाठी अख्खं घर पाडायला निघाले होते! याचा मला आजही राग येतो.

दोन्ही बाजूंना टेकू दिले, खाली जाड फळ्या, त्यांवर जॅक. पाव फेरा, थांबायचं, वर बघायचं, पुन्हा पाव फेरा. माडीचं पाटण करकरलं. तुळई सुताभर उचलली आणि कुजलेलं टोक भिंतीतून मोकळं झालं. तेवढं कापून तिरका सांधा घेतला, बोल्ट आवळले. जोडायचा साग त्याच आळीत पाडलेल्या घरातला होता. तो मापात बसला खरा, पण ते घरही असंच वाचलं असतं. टोकाभोवती हवेला जागा ठेवून भिंत मुरलेल्या चुन्यात बांधली.

अशी बहुतेक खासगी घरं कुठल्याच संरक्षित यादीत नसतात. राखायचं की पाडायचं, हे घरच्यांच्याच हातात. काकांनी संध्याकाळी कापलेला तुकडा ओटीवर ठेवून त्याचा फोटो सगळ्या हिस्सेदारांना पाठवला. रात्री पहिला फोन आला तो थोरल्या पुतण्याचा: उरलेला गिलावा काढायला किती खर्च येईल?