येवढ्याशा काट्यापायी अख्खी टाकी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो.

"येवढ्याशा काट्यापायी अख्खी टाकी काऊन काढली?" पंपावर, बाजारात, परवा तर तेरवीच्या पंगतीतसुद्धा हेच. त्यापाठोपाठ दुसरा ठरलेला प्रश्न: "तुझ्या बाबानं काडी टाकूनच जीप चालवली ना इतकी वर्षं?"

चालवली. आमच्या महिंद्राच्या सीजे-थ्री-बीचं पेट्रोल मीटर मी शाळेत होतो तेव्हाच बंद पडलं. बाबा तुरीची वाळलेली तुराटी सोलून घेत, तिच्यावर पाच-पाच लिटरच्या खाचा पाडत, टाकीत सोडून वर काढत आणि ओली रेघ कुठवर आली ते बघत. मला त्याची लाज वाटायची, हेही खरं आहे.

टाकी का काढली त्याचं सरळ उत्तर हे. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकीच्या माथ्यावर पाच स्क्रूंनी बसवलेलं, पेट्रोलची पातळी मोजणारं युनिट असतं, त्याला आत लोंबणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. फ्लोट खालीवर झाला की तारेच्या गुंडाळीवरची पट्टी सरकते, रेझिस्टन्स बदलतो आणि तेवढा काटा हलतो. युनिटची वायर सुटी करून बॉडीला टेकवली, तर काटा हलला. म्हणजे मीटर आणि वायर चांगली, दोष टाकीत. तरीही टाकी काढायचा विचार नव्हता, सीट उचलून वरूनच युनिट काढणार होतो. तीन स्क्रू निघाले. चौथ्याचं डोकं गोल झालं, पाचव्याचं तुटून हातात आलं. तिथे जागेवरच ड्रिल लावायचं? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, सीटखालच्या खोबणीत साचून राहते. रिकामी टाकी तर आणखी धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. म्हणून बॅटरी सोडली, पेट्रोल कॅनमध्ये काढलं, टाकी अंगणात आणली, साबणाच्या पाण्याने चार वेळा धुतली, मग काठोकाठ पाणी भरून हातड्रिलने तुटके स्क्रू काढले. यात चूक काय ते सांगा.

पण हे झालं पंपावर द्यायचं उत्तर.

टाकी काढली त्याच्या आदल्या मे महिन्यात पहाटे तीनला फोन आला, नागपूरला मोठेबाबा गेले. बाबांचे सख्खे थोरले भाऊ. त्याच्या आठच दिवस आधी तालुक्याला जाऊन मी जीपला नवीन मीटर बसवून आणलं होतं. चावी फिरवली की काटा उठून अर्ध्यावर यायचा. इतक्या वर्षांनी हललेला काटा बघून मी तुराटी चुलीत घातली होती.

निघताना बाबांनी विचारलं, "काडी टाकून पाह्यली का?"

"आता मीटर आहे ना बाबा. अर्धी आहे."

आर्वी सोडली, तळेगाव गेलं, कारंज्याचा उघडा पंप मागे गेला. कोंढाळीच्या अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पेट्रोल संपलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही, काटा अर्ध्यावर होता ना. मोबाइलच्या उजेडात प्लग काढले, पॉइंट पुसला, कार्बोरेटर ठोकून बघितला. अर्धा तास गेला. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून सीटवर बसले होते. मग ते उतरले, रस्त्याकडेच्या पळसाची एक फांदी मोडली, पानं ओरबाडली आणि टाकीत घातली. फांदी कोरडी वर आली, टोकाला तेवढा गंज. ती त्यांनी माझ्यासमोर धरली. बोलले काही नाहीत.

ट्रकवाल्याने पंपापर्यंत नेलं, दुसऱ्याने परत आणलं. पेट्रोल ओतलं तरी गाडी सुरू होईना, कारण टाकीच्या तळाचा गाळ गाडीच्या फ्युएल पंपातून कार्बोरेटरपर्यंत ओढला गेला होता. ते साफ करता करता ऊन वर आलं. नागपूरहून फोन येत होते आणि मी तिन्ही वेळा म्हणालो, "अर्ध्या तासात पोचतो." उन्हाळ्याचे दिवस, ते तरी किती थांबणार? आम्ही अंबाझरी घाटावर पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. बाबांनी चपला काढल्या आणि लांबच उभे राहिले.

कोणी बोललं नाही मला. तुम्हीही नाही. तुम्ही फक्त टाकीबद्दल विचारता.

तेव्हाचा मी म्हणायचो, मीटर असतं ते बघायलाच, काडी हा मागासपणा. त्याला मी अजून पुरतं चूक म्हणू शकत नाही. कारण युनिट बाहेर काढलं तेव्हा दांडी आणि पत्र्याच्या मधे बोटाएवढा काळा पडलेला तुकडा अडकलेला होता. नखाने खरवडला तर त्यावर खाच दिसली. बाबांची तुराटी कधीतरी आत मोडली होती आणि तिनेच फ्लोट अर्ध्यावर धरून ठेवला होता. तो तुकडा नसता तर त्या पहाटे काट्याने खरं सांगितलं असतं. आणि मी तुराटी जाळली नसती, तरी खरं कळलं असतं. दोन्ही बाजूंनी मी हे वर्षभर फिरवून बघतो आहे.

तुराटी मोडली तेव्हा बाबांना कळलंच असणार. मी विचारलेलं नाही. तुकडा टूलबॉक्समध्ये चिंधीत बांधून ठेवला आहे.

काटा आता चालतो. नवीन कॉर्कचं पॅकिंग टाकलं, टाकीला वेगळी अर्थिंगची वायर दिली, पाच-पाच लिटर ओतत काटा कुठे येतो ते लिहून घेतलं. बाबा तरीही निघण्याआधी काडी मागतात. मी त्यांना बांबूची कमची तासून दिली आहे, ती मोडत नाही. तुराटीऐवजी कमची का, हे त्यांनी विचारलं नाही.