आमची वाटचाल: मुंबईच्या हवेत व्हीनस फ्लायट्रॅप

मुलुंडच्या आमच्या गच्चीवर आधी नेहमीचीच शोभेची रोपं होती, मनी प्लांट, स्नेक प्लांट वगैरे. व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे पकडून खाणारं रोप, आणला तो गिऱ्हाइकांनी मागितला म्हणून. मागणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "याने डास कमी होतील ना?" आम्ही तेव्हा आणि आजही सरळ नाही म्हणतो. रानात हे रोप मुख्यतः मुंग्या आणि कोळी खातं, उडणारे किडे त्याला फारसे सापडत नाहीत. डासांसाठी खिडकीला जाळी लावा. या उत्तराने बरीच विक्री हातची गेली, पण जे गिऱ्हाईक थांबलं ते टिकलं.

हे रोप मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीवरचं. तिथली ओली जमीन इतकी निकस, की नायट्रोजन किड्यांकडून मिळवावा लागतो. म्हणून शेणखत, गांडूळखत, साधी बागेची माती यातलं काहीही त्याला मानवत नाही. आम्ही पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) वापरतो. चौपाटीची वाळू खारट, ती अजिबात नको. रानातून रोपं उपटणं नॉर्थ कॅरोलिनात २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे. आम्ही फक्त टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं घेतो.

सगळ्यात जास्त समजावावं लागतं ते पाण्याबद्दल. नळाचं पाणी आपल्याला चांगलं, पण त्यातले क्षार कुंडीत साठत जातात आणि मुळं जातात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५०च्या खाली हवा. घरातला यूव्ही फिल्टर जंतू मारतो, क्षार काढत नाही; आरओ काढतो, मात्र त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर क्षारांनी भरलेलं असतं. मुंबईवर पावसाची कृपा आहे. जून ते सप्टेंबर आम्ही गच्चीवर पिंपं भरून ठेवतो आणि प्रत्येक रोपासोबत एक बाटली पावसाचं पाणी देतो. कुंडी ट्रेमध्ये ठेवायची, ट्रेमध्ये बोटभर पाणी. ऊन रोज निदान चार तास थेट हवं. ज्यांची एकच खिडकी उत्तरेला आहे त्यांना आम्ही हे रोप विकत नाही.

प्रदर्शनात मुलं बोट घालायला धावतात. आम्ही थांबवतो आणि भिंग देतो. सापळ्याच्या प्रत्येक पाकळीवर आत साधारण तीन बारीक केस दिसतात. वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच सापळा मिटतो, म्हणजे पावसाच्या एका थेंबाने तो फसत नाही. मिटल्यावर आत किडा धडपडत राहिला, केस पुन्हा पुन्हा हलले, की मग पाचक रस सुटतात. आठ-दहा दिवसांनी सापळा उघडतो तेव्हा मुंगीचं नुसतं कवच उरलेलं असतं. एक सापळा असा मोजक्याच वेळा मिटतो, मग काळा पडून गळतो. गंमत म्हणून मिटवला तर रोपाची ताकद फुकट जाते. हे एकदा कळलं की मुलंच मोठ्यांचे हात धरतात.

खरी अडचण थंडीची. या रोपाला वर्षातून तीनेक महिने दहा अंशांखालची झोप लागते, आणि मुंबईत जानेवारीच्या रात्रीही सोळा-सतराच्या आसपास. झोप मिळाली नाही तर रोप दोन-तीन वर्षांत खंगतं. म्हणून आम्ही सेकंडहँड कोल्ड्रिंकचा काचेचा फ्रिज घेतला. नोव्हेंबरअखेरीस गिऱ्हाइकं कुंड्या आणून देतात. आम्ही काळी पानं कापतो, कंद धुतो, बुरशीनाशक लावतो, ओलसर स्फॅग्नममध्ये (एक प्रकारचं शेवाळ) गुंडाळून नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवतो. तापमान चार-पाच अंश, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. दर आठवड्याला पिशव्या उघडून बुरशी बघतो. याचे पैसे घेत नाही, कारण रोप विकलं की त्याची जबाबदारी संपली असं आम्हाला वाटत नाही.

फेब्रुवारीअखेर कंद पुन्हा कुंडीत लागतात. फुलाचा दांडा आला तर लहान रोपाचा आम्ही कापतो, सगळी शक्ती तोच खातो. यंदा फ्रिज पुरला नाही, दुसरा बघतोय. घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातही हे सहज जमतं. ज्यांना स्वतः करायचं असेल त्यांनी नोव्हेंबरात येऊन एकदा हाताने करून बघावं.